घरच्या हाताची भेट



या व्याख्यानमालेत गेले चार दिवस आपण भारदस्त विषय ऐकलेत. परवा अर्थकारण झाले, काल संतवाङ्मय झाले. आज माझ्या वाट्याला चिंध्या, खळ आणि कापूस आला आहे. चिटणीसांचे बोलावणे आले तेव्हा मी त्यांना म्हटले, "अहो, मी बँकेत रोकड मोजणारी बाई. व्यासपीठावरून मी काय सांगणार?" ते म्हणाले, "तुमच्या घरी मुलांचे जे उद्योग चालतात तेच सांगा." तेव्हा यात काही उणेअधिक झाले तर त्याचे खापर चिटणीसांच्या माथी फोडावे.

विषय असा, की ज्या घरात आईबाप दोघेही दिवसभर कामावर असतात, त्या घरात सणासुदीच्या आणि देण्याघेण्याच्या वस्तू मुलांच्या हातून तयार होऊ शकतात का? होऊ शकतात, असे माझे सांगणे आहे. पण ते मी कशी शिकले हे आधी सांगायला हवे, आणि त्यात माझी थोडी शोभा होणार आहे.

माझा मुलगा सात वर्षांचा असताना त्याने दिवाळीला आकाशकंदील करायचे मनावर घेतले. खराट्याच्या हिरांचा सांगाडा आणि त्यावर पतंगाचा कागद. आठ दिवस तो त्यामागे खपत होता. कंदील झाला तो असा, की त्याची एक बाजू आखूड, दुसरी लांब. कागदावर खळीचे डाग. आणि झिरमिळ्या एकीकडे पाच तर दुसरीकडे दोन. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी बँकेत हिशेब जुळता जुळेना. मी घरी आले तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजून गेले होते. दुसऱ्या दिवशी नणंद आणि तिचे यजमान यायचे होते. गॅलरीत टांगलेले ते ध्यान मी पाहिले आणि माझ्या मनात आले, पाहुणे काय म्हणतील? मुले निजल्यावर मी कंदील खाली काढला, कागद सोडवला, हीर पुन्हा सारखे बांधले, नवा कागद ताणून चिकटवला, पट्टी लावून झिरमिळ्या कापल्या. दीड वाजला. कंदील मात्र दुकानातल्यासारखा झाला, आणि मी समाधानाने झोपले.

सकाळी तो उठून गॅलरीत गेला. थोडा वेळ पाहत उभा राहिला आणि म्हणाला, "हा तू केलास ना? छान आहे. माझा कुठे आहे?"

तो रागावला असता, रडला असता, तर मला बरे वाटले असते. तसे काही झाले नाही. पुढच्या वर्षी दिवाळी जवळ आली तेव्हा मीच कागद आणि हीर त्याच्यापुढे ठेवले, तर म्हणतो कसा, "तूच कर आई. तुला चांगला येतो."

श्रोतेहो, इतकी वर्षे मी रोकड मोजते आहे, पण एवढी तूट मला कधी आली नव्हती.

त्याचा हात पुन्हा चालू केला तो माझ्या सासूबाईंनी, आणि तोही कापसावर. त्यानंतरच्या भाद्रपदात त्या गणपतीसाठी वस्त्रमाळा करायला बसल्या होत्या. आपल्यापैकी पुष्कळजणींनी हे केलेले असेल, पण पुरुषमंडळींसाठी सांगते. स्वच्छ कापूस मोकळा करून त्याची लांब, सैल पट्टी ओढायची. बोटे पाण्याने किंवा दुधाने किंचित ओली करून थोड्या थोड्या अंतरावर तिला पीळ द्यायचा, म्हणजे दोन पिळांच्या मधला कापूस मण्यासारखा फुगून राहतो. पिळावर कुंकवाचे बोट टेकवले की माळ झाली. नातू शेजारी येऊन बसला. सासूबाईंनी त्याच्यापुढे मूठभर कापूस ठेवला आणि एक अक्षरही बोलल्या नाहीत. त्याचे मणी एक बोराएवढा, दुसरा जांभळाएवढा असे होत होते. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होते आणि माझी बोटे शिवशिवत होती. सासूबाईंनी त्याचा एकही मणी सारखा केला नाही. त्या आपल्या माळेकडे बघत राहिल्या.

चतुर्थीपर्यंत त्याच्या अकरा माळा झाल्या. वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून त्या त्याने आमच्या वाड्यातल्या घरोघरी नेऊन दिल्या. त्यातली एक समोरच्या आजींच्या गणपतीच्या गळ्यात पडली, तर आरतीचे निमित्त करून हा गृहस्थ दिवसातून तीनदा ती पाहायला जात होता.

तेव्हापासून मी या गोष्टीचा जरा निराळा विचार करू लागले. जुन्या बायकांना वेळ होता म्हणून त्या हे सारे करीत, असे आपण सरसकट म्हणतो. मला ते पटत नाही. पाणी भरणे, दळणकांडण, आठ-दहा माणसांचा स्वयंपाक, शेतीची घरे असतील तर शेतावरचे काम, यातून त्यांना सलग तासभर तरी कधी मिळत होता? त्यांचे हातकाम मुळातच तुटक वेळात बसणारे होते. गोधडी घ्या. तिचा धावदोरा कुठल्याही टाक्यावर थांबतो. मूल रडले, दूध उतू जाऊ लागले, की सुई कापडात टोचून ठेवायची आणि उठायचे. दोन दिवसांनी बसलात तरी त्याच टाक्यापासून पुढे. याउलट सुयांवरची नक्षीची वीण पाहा. मोजामोज चालू असताना कोणी हाक मारली की बारा घरे उसवा! नोकरी करणाऱ्या बाईने मुलांना घेऊन बसायचे असेल तर तिने धावदोऱ्याच्या जातीची कामे निवडावीत. आमच्याकडे आता दोनच कसोट्या आहेत. काम कधीही मध्येच टाकता आले पाहिजे, आणि माझा हात न लागता मुलाला ते पुरे करता आले पाहिजे. दुसरी कसोटी पाळायला मला अधिक जड गेली.

आता प्रत्यक्ष वस्तूंकडे येते. खळ घरीच करावी. दोन मोठे चमचे मैदा कपभर गार पाण्यात गुठळी न राहील असा कालवावा आणि मंद आचेवर ढवळत शिजवावा. पांढरा रंग जाऊन तो किंचित पारदर्शक झाला की उतरवावा. शीतकपाटात तीन-चार दिवस टिकते. कसर लागू नये म्हणून पूर्वी खळीत मोरचूद घालीत. ते विष आहे. मुलांच्या हाती जाणाऱ्या खळीत ते मुळीच घालू नये.

कंदिलाची सोपी रीत अशी. जाड रंगीत कागद लांबीच्या बाजूने मधोमध दुमडायचा. दुमडलेल्या कडेकडून एकेका बोटाच्या अंतरावर काप द्यायचे, मात्र मोकळ्या कडेपाशी दोन बोटे कागद सोडून थांबायचे. घडी उलगडून कागदाची नळी करायची, कड चिकटवायची आणि वरून जरा दाबायची. मधल्या पट्ट्या बाहेर फुगतात. सहा-सात वर्षांच्या मुलाला हा अर्ध्या तासात जमतो, आणि काप वाकडे गेले तर उजेड वाकडा पडतो, तो काही वाईट दिसत नाही. आत लहान एलईडीचा दिवा सोडावा. कागदाच्या कंदिलात पणती किंवा मेणबत्ती ठेवू नये.

माझ्या सर्वांत आवडीची भेट म्हणजे बाळंतविडा. बाळबाळंतिणीला झबले, टोपडे, कुंची, दुपटे द्यायची ही आपली जुनी चाल, आणि तीत दुपट्याइतके सोपे शिवण दुसरे नाही. नऊवार सुती साडी म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. विरलेला भाग वगळला तरी तिच्यातून मीटरभर लांबीरुंदीची दुहेरी तीन दुपटी सहज निघतात. वापरून, धुऊन मऊ झालेले हे कापड बाळाच्या अंगाला नव्या कापडासारखे टोचत नाही. माझ्या मुलीने नऊ वर्षांची असताना माझ्या आईच्या साडीचे एक दुपटे शिवले. मी खडूने रेघा आखून दिल्या. टाके सगळे तिचे. रोज रात्री जेवणे झाल्यावर पंधरा मिनिटे, असे ते सव्वा महिना चालले. बाळ आधी आले आणि दुपटे मागाहून गेले, याबद्दल कोणी तक्रार केली नाही.

जे जमत नाही तेही सांगते. हलवा घरी करायच्या फंदात नोकरी करणाऱ्या माणसाने पडू नये. मंद आचेवर थेंबथेंब पाक घालीत दाण्यावर काटा आणायचा, हे दिवसच्या दिवस चालणारे काम आहे, आणि विस्तवापाशी मुलांचे काम नाही. आमच्या घरी बोरन्हाणाला हलवा बाजारातून येतो आणि त्याचे दागिने तेवढे मुले करतात. मला याची लाज वाटत नाही.

ही बुद्धी काही माझी नव्हे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या, आणि १९५७ साली ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसोरी पद्धतीची साधने महाग, म्हणून त्यांनी शिंपले, खडे, बिया, पाने हातात घेतली. पुढे १९७८ साली होशंगाबाद जिल्ह्यात विज्ञानशिक्षणाचे काम करताना अरविंद गुप्ता या इंजिनियर गृहस्थांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून त्रिकोण, चौकोन, मनोरे उभे केले. पुण्याच्या 'आयुका'मधील विज्ञान शोधिकेत त्यांनी पुष्कळ वर्षे मुलांना अशी खेळणी करायला शिकवली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. काड्यांची ही खेळणी करून पाहा, मात्र आधी काड्यांचा गुल काढून टाका.

एक आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो खोटा नाही. मी लहान असताना वडिलांच्या जुन्या पँटची शिवलेली पिशवी घेऊन शाळेत जात असे आणि वर्गात शिरताना ती पाठीमागे धरीत असे. घरी केलेली वस्तू तेव्हा आमच्या घरची गरिबी सांगत होती. आज मी बाजारातून दप्तर आणू शकते, म्हणून मला कापडी पिशवीचे कौतुक परवडते. ज्या आईला ते परवडत नाही, तिच्यापुढे उभे राहून मी हे व्याख्यान देणार नाही. एवढे मात्र खरे, की २०१८ साली महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर आणि थर्माकोलवर बंदी आली, तेव्हा आमच्या आईने त्याच जातीच्या दहा पिशव्या शिवल्या आणि माझ्या बँकेतल्या मैत्रिणींनी त्या मागून नेल्या. आई मला एवढेच म्हणाली, "तू तर लपवत होतीस."

वेळ झाल्याची खूण अध्यक्ष करीत आहेत. माझ्या मुलाचे विचाराल, तर तो आता तेरा वर्षांचा आहे. गेल्या दिवाळीत त्याने पुन्हा हिरांचा कंदील केला. तो पूर्वीपेक्षा सरळ होता, तरी एका बाजूला झुकत होता. मी त्या रात्री गॅलरीचे दार लावून घेतले.

सभागृहाच्या दाराशी एक टेबल मांडले आहे. कागद, कात्र्या आणि आज सकाळी शिजवलेली खळ तिथे आहे. मुले बरोबर आली असतील तर त्यांना तिथे बसू द्यावे. आईबापांसाठी खुर्च्या जरा लांब ठेवल्या आहेत.