शेंगदाण्याचा कस

श्रोते हो, बदाम-पिस्ते परवडत नाहीत म्हणून हळहळू नका. आपला भुईमूग काही कमी नाही. 100 ग्रॅम दाण्यांत सुमारे 25 ग्रॅम प्रथिने, आणि तेलही बहुतांशी हृदयाला मानवणारे. भाकरीबरोबर दाण्याची चटणी, भाजीत कूट, उपासाला लाडू. आयाबायांनी हे केव्हाच ओळखले आहे. (लहान मुलांना मात्र अख्खा दाणा नको, घशात अडकतो, कूटच बरे.)

पण टपोरा दाणा बाजारात आणि बुरशी धरलेला घरच्या डब्यात, ही काय रीत झाली? 1960 साली इंग्लंडात लाखावर टर्की पक्षी मेले. त्यांच्या खाद्यातल्या भुईमुगाच्या पेंडीत बुरशीचे विष निघाले. त्याचे नाव अफ्लाटॉक्सिन. ते यकृत बिघडवते, तिथे कर्करोगही आणते, आणि दाणे भाजल्याने पुरते जात नाही. तेव्हा शेंगा अशा वाळवा की हलवताच आत दाणा खुळखुळला पाहिजे. पोत्यांखाली फळ्या घाला, ओल लागू देऊ नका. बुरसट दाणा गुरांच्या आंबोणातही टाकू नका. त्याचे विष दुधात उतरते, आणि ते दूध पोरेच पितात.