न दिसता दुरुस्ती: आधी ऐका, मग उघडा

आजच्या भागात आपण कोड, इंटरव्ह्यू, स्क्रीन रीडर वगैरे सगळं बाजूला ठेवणार आहोत. आज बोलायचंय पंखा, मिक्सर, वॉशिंग मशीन आणि कपाटाच्या कुरकुरणाऱ्या दारांबद्दल. म्हणजे घरात काही बिघडलं की न दिसणाऱ्या माणसाने नेमकं काय करायचं, याबद्दल.

नवीन श्रोत्यांसाठी माझी ओळख. मी जन्मापासून पूर्ण अंध. कॉम्प्युटरमध्ये बीटेक केलं, पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो, वय अठ्ठावीस. आणि वन बीएचकेमध्ये एकटा भाड्याने राहतो. यातला ‘एकटा’ हा शब्द आजच्या विषयाचा गाभा आहे.

कारण सांगतो. मी घर शोधत होतो तेव्हा भाडं, डिपॉझिट सगळं जमलं तरी गाडी एकाच ठिकाणी अडायची. घरमालक काका विचारायचे, “अहो, गॅस आहे, गिझर आहे, उद्या काही शॉर्टसर्किट झालं तर तुम्ही काय करणार?” मला राग यायचा, पण प्रश्न चुकीचा नव्हता. फक्त दिसणाऱ्या भाडेकरूला तो कुणी विचारत नाही. ज्या काकांनी शेवटी घर दिलं, त्यांना मी सरळ म्हटलं, “तुमचा एमसीबीचा डबा कुठे आहे ते दाखवा, मग कुठला खटका कशाचा ते मी तुम्हाला सांगतो.” दहा मिनिटं आम्ही दोघं खटके वर-खाली करत घरभर फिरलो. एका खटक्यावर स्वयंपाकघर आणि बाथरूम दोन्ही आहेत हे त्यांनाही नव्यानेच कळलं. अकरा महिन्यांचा करार झाला. म्हणून म्हणतो, दुरुस्ती येणं हा नुसता छंद नाही. आपल्यासाठी ती घराची किल्ली आहे.

आता मुद्द्याकडे. सॉफ्टवेअरमध्ये बग आला की आपण लगेच कोड बदलत सुटत नाही. आधी बग नक्की कधी येतो ते बघतो, मग अर्धा भाग वगळतो, मग उरलेल्यातला अर्धा. यंत्राचंही तसंच आहे. स्क्रू ड्रायव्हर सगळ्यात शेवटी. आधी कान, नाक आणि हाताचा तळवा.

वॉशिंग मशीनचं उदाहरण घेऊ. माझ्या मशीनमध्ये पाणी भरेना. सर्व्हिसवाले आले आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मित्राला म्हणाले, “यांना सांगा, बोर्ड गेलाय.” मशीन माझं, पैसे माझे, आणि निरोप मित्रामार्फत! ते राहू दे. पण मशीन सुरू केल्यावर मागच्या बाजूने बारीक गुणगुण येत होती. पाणी आत सोडायला तिथे एक व्हॉल्व्ह असतो. बोर्डाने करंट दिला की तो उघडतो आणि उघडा असेपर्यंत गुणगुणतो. आता विचार करा. गुणगुण आहे, म्हणजे करंट पोचतोय. करंट पोचतोय, म्हणजे बोर्ड आपलं काम करतोय. मग पाणी अडलंय कुठे? नळ आणि व्हॉल्व्ह यांच्या मध्येच कुठेतरी.

मी त्यांना “नंतर कळवतो” म्हटलं. प्लग काढला, नळ बंद केला, पाइप सोडवला. पाइपचं टोक बादलीत धरून नळ उघडला तर धार जोरात आली. म्हणजे नळ आणि पाइप दोन्ही सुटले. उरली फक्त व्हॉल्व्हच्या तोंडाची जाळी. बोट लावलं तर जाळीची भोकंच लागेनात, क्षाराचा नुसता थर! आमच्याकडे बोअरचं आणि टँकरचं पाणी, त्यामुळे हे होणारच. पकडीने जाळी ओढून काढली, व्हिनेगरमध्ये भिजवली, जुन्या टूथब्रशने घासली, परत बसवली. खर्च शून्य. आणि हेच उलट असतं, म्हणजे मशीन गप्प आणि गुणगुणही नाही, तर मी झाकणाचा स्विच, वायरिंग किंवा बोर्ड यांच्याकडे वळलो असतो. एका आवाजावरून अर्धं मशीन वगळता येतं.

दुसरं उदाहरण छताच्या पंख्याचं. पंखा हळू फिरतोय. पहिला प्रश्न, रेग्युलेटरच्या सगळ्या नंबरांवर हळू की एखाद्याच नंबरवर? एखाद्याच नंबरवर असेल तर संशय रेग्युलेटरवर. सगळ्या नंबरांवर असेल तर पुढे जायचं. वीज बंद करून पातं हाताने फिरवा. खरखर आली, जड लागलं, तर बेअरिंग. मऊ आणि मुकाट फिरलं तर बेअरिंग ठीक. आणि बटण दाबल्यावर पंखा नुसता गुणगुणतो, सुरू व्हायला कुरकुर करतो, तर बहुतेक वेळा कंडेन्सर उतरलेला असतो. दुकानात ‘कपॅसिटर’ म्हणू नका, ‘पंख्याचा अडीचचा कंडेन्सर’ म्हणा, लगेच मिळतो. अडीच म्हणजे २.५ मायक्रोफॅरड. सहसा शंभर रुपयांच्या आत काम होतं. पण काही पंख्यांना वेगळ्या आकड्याचा लागतो, म्हणून जुना काढून सोबत न्या आणि दुकानदाराकडून त्याच्यावरचा आकडा वाचून घ्या.

हे काम आपल्याला सोयीचं का, तर या कंडेन्सरला दोनच वायरी असतात आणि त्यांना उलट-सुलट नसतं. रंग बघायची गरजच पडत नाही. बाकीच्या ठिकाणी माझा नियम असा: एका वेळी एकच वायर सोडवायची आणि ती नवीन जागी लावूनच दुसरीला हात घालायचा. सगळ्या एकदम सोडवायच्या असतील तर आधी दोऱ्याच्या गाठी. पहिलीला एक गाठ, दुसरीला दोन. रंगापेक्षा गाठ बरी, ती अंधारातही चालते!

मात्र पंख्याला हात लावण्याआधीचं ऐका, हे महत्त्वाचं आहे. नुसतं बटण बंद करून भागत नाही. काही जुन्या घरांत बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं असतं. पंखा थांबतो, पण वायरीत करंट तसाच. म्हणून एमसीबी खाली पाडायचा. मग खात्री करायची. आपल्याकडचा नेहमीचा टेस्टर आत दिवा लागून सांगतो, तो आपल्या उपयोगाचा नाही. न टेकवता करंट ओळखणारा, बीप करणारा टेस्टर मिळतो, तो घ्या. वापरायची पद्धत तीन पायऱ्यांची. आधी चालू सॉकेटवर धरा, बीप आला पाहिजे. मग ज्या वायरीवर काम करायचंय तिथे धरा, गप्प राहिला पाहिजे. मग पुन्हा चालू सॉकेटवर, पुन्हा बीप. तिसरी पायरी कशाला? कारण मधेच सेल संपला तर टेस्टर गप्पच बसणार, आणि त्या गप्प बसण्यावर तुम्ही जीव टाकणार. सिस्टीम खरंच ठीक आहे की मॉनिटरिंगच बंद पडलंय, हा प्रश्न आपण ऑफिसात रोज विचारतो. घरीही विचारा.

शिवाय जुन्या कंडेन्सरमध्ये थोडा चार्ज उरलेला असू शकतो. प्लॅस्टिकच्या मुठीचा स्क्रू ड्रायव्हर त्याच्या दोन्ही टोकांना एकदम टेकवून तो उतरवायचा. आणि घोड्यावर चढताना खाली धरायला कुणीतरी हवं. इथे एकट्याने करण्यात शौर्य नाही. दिसणाऱ्यांनाही हाच नियम.

मिक्सरचं थोडक्यात. चटणी वाटताना बंद पडला, तर लगेच ‘जळला’ म्हणू नका. प्लग काढा, गार होऊ द्या, मग तळाला बोट फिरवा. बहुतेक मिक्सरना तिथे ओव्हरलोडचं छोटं बटण असतं, ते दाबा. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण भांड्यातलं पातं फिरत नाही, तर कपलर झिजलाय. भांडं काढून त्याचे दात बोटाने मोजा. नवीन कपलरची धार बोटाला टोचते, झिजलेला गोल लागतो. हे डोळ्यापेक्षा बोटाला लवकर कळतं, पैज लावून सांगतो. बदलताना एक गोष्ट लक्षात ठेवा. बऱ्याच मिक्सरमध्ये कपलरचे आटे उलटे असतात, म्हणजे सैल करायला घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवावं लागतं. सुटत नाही म्हणून जोर लावण्याआधी दिशा बदलून बघा.

आता अवजारं. भारीतलं किट लागत नाही. माझं सगळ्यात आवडतं अवजार म्हणजे इडलीपात्राची ताटली. हसू नका! स्क्रू काढले की पहिल्या खळग्यात पहिल्या जागेचे, दुसऱ्यात दुसऱ्या जागेचे. परत बसवताना उलट्या क्रमाने जायचं. शुद्ध स्टॅक आहे तो. त्याखाली मोठी परात, म्हणजे निसटलेला स्क्रू परातीतच वाजतो आणि पडला हे कळतं. एक लोहचुंबक, हरवलेल्या स्क्रूंसाठी. कंटिन्युइटीला बीप करणारा साधा मल्टिमीटर. बोलणारा मिळाला तर छान, पण वायर आत तुटलीय का, फ्यूज गेलाय का, हे नुसत्या बीपवरही कळतं. अर्थात वीज बंद करूनच.

फर्निचरकडे येऊ. शेल्फ सरळ बसलंय का हे बुडबुड्याच्या लेव्हलने आपल्याला कळत नाही. शेल्फवर गोटी ठेवा. ती ज्या बाजूला पळते ती बाजू खाली. उभ्या रेषेसाठी गवंड्याचा ओळंबा. दोऱ्याला वजन, बस. इतकं जुनं अवजार, आणि पूर्णपणे हाताने वाचता येणारं. कपाटाचं दार खाली घासतंय? हाताने दार थोडं उचला. बिजागरी हलली तर तिचे स्क्रू सैल आहेत. आवळूनही नुसते गोल फिरत असतील तर भोक मोठं झालंय. फेव्हिकॉल लावलेल्या दोन-तीन काड्यापेटीच्या काड्या, गूल तोडून, त्या भोकात घाला, वाळू द्या, वरची टोकं मोडून टाका, मग स्क्रू पिळा. पकड घट्ट येते.

टच पॅनलचा त्रास सगळ्यांनाच आहे. सपाट काच, कुठे काय काहीच कळत नाही. मी एमसीलचे बारीक ठिपके लावतो, पण बटणावर नाही, बटणाच्या शेजारी. नाहीतर चाचपडतानाच इंडक्शन सुरू व्हायचा. भाड्याच्या घरात कायमचं चिकटवायचं नसेल तर आईकडची टिकलीसुद्धा चालते. आणि खरेदी करतानाच शक्यतो गोल फिरणारे, टकटक वाजणारे नॉब असलेली वस्तू निवडा.

फोनची मदत भरपूर होते. मशीनवरचा एरर कोड वाचायला बी माय आइज आहे. २०१५मध्ये डेन्मार्कमधून सुरू झालेल्या या ॲपवर व्हिडिओ कॉल करून स्वयंसेवकाला विचारता येतं. आता फोटोचं वर्णन करणारे एआयही आहेत. लेबल, मॉडेल नंबर, कोड वाचायला उत्तम. पण ‘लाल वायर कुठली’ हे मी एआयला विचारून वायर जोडत नाही. तिथे आत्मविश्वासाने दिलेलं चुकीचं उत्तर महागात पडतं.

आणि आता जिथे मी हात लावत नाही ती यादी. मायक्रोवेव्ह उघडायचा नाही, त्याच्या आतला कंडेन्सर हजारो व्होल्टचा असतो आणि प्लग काढल्यावरही चार्ज धरून बसू शकतो. गिझरच्या आतलं काम नाही. इन्व्हर्टरची बॅटरी नाही. एसीचा गॅस नाही. आणि स्वयंपाकाच्या गॅसचा वास आला तर दुरुस्ती हा विषयच नाही. रेग्युलेटर बंद, खिडक्या-दारं उघडी, विजेचं कुठलंही बटण चालूही करायचं नाही आणि बंदही नाही, घराबाहेर जायचं आणि १९०६ला फोन. कुठे थांबायचं हे ठरलेलं असणं हाही कसबाचाच भाग आहे. माझी आई अजून रोज रात्री फोनवर “गॅस बंद केलास ना?” विचारते. पण ही यादी तिला पाठ म्हणून दाखवल्यापासून तिचा आवाज जरा हलका झालाय.

शेवटी दोन विनंत्या. पहिली अंध मित्रमैत्रिणींना. या आठवड्यात काही दुरुस्त करू नका. फक्त घरातला एमसीबीचा डबा शोधा, कुणाला तरी सोबत घेऊन कुठला खटका कशाचा ते ठरवा आणि शेजारी ब्रेलची पट्टी किंवा ठिपके लावा. सुरुवात तिथून.

दुसरी विनंती आईबाबांना. तुमचं मूल अंध असेल तर घरी प्लंबरकाका, वायरमनकाका येतात तेव्हा त्याला आतल्या खोलीत बसवू नका. काकांना सांगा, जुना वायसर याच्या हातात द्या, नवीनही द्या, फरक कळू दे. आमच्यातल्या अनेकांना स्क्रू ड्रायव्हर जमत नाही तो डोळ्यांमुळे नाही, तो कधी कुणी हातात दिलाच नाही म्हणून.

तुमच्या घरच्या युक्त्या मला व्हॉइस नोटवर पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. भेटू लवकरच. नमस्कार!