मोहल्ल्याची पत



शाळेच्या समारंभात कर्जाची गोष्ट कशाला, असे काहींना वाटेल. परंतु ज्या घरातून सावकाराचा हप्ता जातो, त्या घरातील मुलाची शाळा आधी सुटते, हे आपण पाहिले आहे. म्हणून आज अमेरिकेतील शिकागो शहराची हकीकत सांगतो.

१९३० नंतरच्या दशकात तेथील एका सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे केले. कर्ज देणे धोक्याचे मानलेल्या वस्त्या लाल रंगाने रंगविल्या. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या बहुधा लालच! माणूस कितीही कष्टाळू असो, पत्ता पाहूनच बँक नकार देई. मग घर घ्यायचे ते दलालाशी करार करून. पै न् पै फिटेपर्यंत घर विकणाऱ्याच्याच नावावर. एखादा हप्ता चुकला की घरही गेले आणि भरलेले पैसेही.

साउथ शोअर या वस्तीतून गोरे लोक निघून जाऊ लागले, तेव्हा तेथील बँकेनेही बिऱ्हाड हलविण्याची परवानगी मागितली. सरकारने ती नाकारली. १९७३ साली चार सहकाऱ्यांनी मिळून ती बँकच विकत घेतली. त्यांपैकी मिल्टन डेव्हिस आणि जेम्स फ्लेचर स्वतः कृष्णवर्णीय होते. आरंभी लहान दुकानदारांना दिलेली कर्जे फारशी वसूल झाली नाहीत. मात्र वस्तीतलीच साधी माणसे जुन्या इमारती विकत घेऊन, दुरुस्त करून भाड्याने देऊ लागली, त्यांनी कर्जे फेडली. पैसा आला कोठून? बाहेरच्या सधन लोकांनी व संस्थांनी तेथे ठेवी ठेवल्या. दान नव्हे, ठेवी. हा फरक मला मोठा वाटतो. दान घेणारा मिंधा होतो, कर्जदार हिशेब मागू शकतो.

पुढे यांच्यापैकी दोघांनी बांगलादेशात प्रा. मुहम्मद युनूस यांना ग्रामीण बँकेच्या उभारणीत सल्ला दिला. १९७७ साली अमेरिकेत, ज्या वस्तीतून ठेवी घेता तिच्या कर्जाच्या गरजाही भागवा, असा कायदा झाला. १९९४ साली अशा संस्थांसाठी सरकारी निधी निघाला.

आता कडू भागही सांगितला पाहिजे. २००८ च्या मंदीत कर्जदारांच्या नोकऱ्या गेल्या, इमारतींच्या किमती कोसळल्या. वस्तीवरच विसंबलेली बँक वस्तीबरोबर बुडाली. ऑगस्ट २०१० मध्ये ती बंद करण्यात आली. ठेवी नव्या बँकेकडे सुरक्षित गेल्या, भागधारकांचे पैसे बुडाले. दुरुस्त झालेल्या इमारतींतून मात्र हजारो कुटुंबांना छप्पर मिळाले होते.