मद्य आणि यकृत : परतीची वाट उघडी असतानाच

यकृताच्या पेशींमध्ये चरबी साठण्याच्या विकाराला ‘फॅटी लिव्हर’ म्हणतात आणि मद्यामुळे होणाऱ्या यकृतविकारांची सुरुवात बहुधा येथूनच होते. प्रौढ माणसाचे सुमारे दीड किलो वजनाचे, तांबूस तपकिरी यकृत या अवस्थेत मोठे, पिवळट आणि तेलकट होते. परंतु ते सहसा दुखत नाही, आणि म्हणूनच दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीच्या अहवालात ‘ग्रेड १’ असा शेरा आला, तरी तो कागद फाइलीत तसाच पडून राहतो.

प्यालेल्या मद्याचा बहुतांश भाग यकृतालाच निकालात काढावा लागतो. तेथे मद्यार्कापासून प्रथम ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य आणि त्यापासून ॲसिटेट तयार होते. या दोन्ही पायऱ्यांवर एनएडी हे एन्झाइमांचे साहाय्यक द्रव्य वापरले जाते. त्याचा तुटवडा पडला की चरबीचे ज्वलन मंदावते, नवी चरबी अधिक बनते आणि पेशीत आधी बारीक थेंब, पुढे एकच मोठा थेंब साठून पेशीचे केंद्रक कडेला ढकलले जाते.

‘पोटभर खाऊन घेतली की बाधत नाही’ ही समजूत आपल्याकडे घट्ट रुजलेली आहे, आणि एके काळी वैद्यकशास्त्रही या विकाराचा दोष मद्यापेक्षा कुपोषणाला देत असे. न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स लीबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात स्वयंसेवकांना सकस आहारासोबत मद्य दिले, तरीही त्यांच्या यकृतात चरबी साठली. चखण्याच्या भरल्या ताटलीने मिळणारा दिलासा त्यामुळे निराधार ठरतो. हिशेब मद्यार्काच्या ग्रॅमचाच करावा लागतो. ४२.८ टक्के मद्यार्काच्या १८० मिलीलिटर ‘क्वार्टर’मध्ये सुमारे ६० ग्रॅम मद्यार्क असतो, आणि रोज याहून अधिक घेणाऱ्यांपैकी सुमारे ९० टक्के लोकांना फॅटी लिव्हर होते. स्त्रियांच्या यकृताला याहून कमी मात्राही अपाय करते.

मद्य पूर्ण थांबले, तर ही चरबी बहुधा काही आठवड्यांत ओसरते. ते चालूच राहिले, तर काहींच्या यकृताला सूज येते, जागोजागी व्रणासारखे तंतू वाढतात आणि अखेर सिरोसिस होऊन यकृत कठीण व गाठाळ बनते. पोटात पाणी होऊ लागल्यावर किंवा रक्ताची उलटी झाल्यावर मद्य सोडल्यानेही आयुष्य वाढू शकते, पण यकृत पूर्ववत होण्याची आशा फारशी उरत नाही. काविळीच्या झाडपाल्यासाठी गावोगाव फिरणाऱ्या कुटुंबाला त्या जुन्या अहवालाचा अर्थ वेळीच कोणी समजावून सांगितलेला नसतो, ही फार मोठी हानी आहे.

मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकाएकी मद्य बंद केल्यास हातापायांना कंप सुटणे, फिट येणे, भ्रम होणे असे जिवावर बेतणारे त्रास होऊ शकतात. म्हणून सुरुवातीचे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली काढावेत आणि त्यापुढची साथ पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्राकडून घ्यावी.