बिनपैशाची तालीम

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीतल्या आमच्या दारात आलं. अम्मीला उचलून माडीवर न्यायचं होतं. चार पायऱ्यांतच माझे हात थरथरले. शेवटी शेजारच्या पोरानं तिला वर नेलं. जन्मभर शब्द उचलले, आई काही उचलता आली नाही.

जिमची फी परवडणारी नव्हती. मग साताऱ्याचे खाशाबा जाधव आठवले. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल 1952 साली हेलसिंकीला गेला तो वर्गणी जमवून, आणि कांस्यपदक घेऊन आला.

मी घरीच सुरुवात केली. भिंतीला हात टेकून दहा जोर, खुर्चीवरून हात न लावता दहा उठबशा आणि पाच लिटरचा पाण्याचा कॅन, म्हणजे पाच किलो वजन. हे सगळं एक दिवसाआड. श्वास कोंडायचा नाही. सोपं वाटलं, की दोन वाढवायचे. सांधा दुखला, की थांबायचं. रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

दोन महिन्यांत सज्द्यातून उठताना गुडघ्याला हाताचा आधार लागेना.

जुलै 2021 मध्ये पाणी पुन्हा चढलं. या खेपेस अम्मीला मीच वर नेलं. मध्ये एकदा टेकलो, एवढंच.