वेड लागलेल्याचा गुन्हा

आज आम्ही एका कातारी माणसाची हकीकत सांगणार आहों. तो ग्लासगो शहरचा, नांव डॅनियल मॅकनॉटन. सत्ताधारी पक्षाचे लोक आपल्या पाठीवर आहेत, या भ्रमाने त्यास घेरले होते. १८४३ च्या जानेवारीत लंडनच्या रस्त्यावर त्याने मुख्य प्रधान पील यांचे चिटणीस ड्रमंड यांस गोळी घातली. ते पांच दिवसांनी वारले. ज्यूरीने मॅकनॉटनला वेडा म्हणून निर्दोष ठरविले. निर्दोष म्हणजे घरी नव्हे! वेड्यांच्या इस्पितळांत तो बावीस वर्षे राहून तेथेच मेला.

तरी बडे लोक खवळले. लॉर्डांच्या सभेने न्यायाधीशांस खुलासा मागितला, आणि ते म्हणाले, कृत्याच्या वेळी मनाच्या रोगामुळे आपण काय करतों हे, किंवा ते वाईट आहे हे, ज्यास कळत नव्हते तोच सुटेल. हेच तत्त्व १८६० च्या पिनल कोडांत ८४ वे कलम होऊन आले. १ जुलै २०२४ पासून ते न्याय संहितेचे २२ वे कलम आहे.

तेव्हां नुसते डोके फिरलेले असून भागत नाही. त्या घटकेची स्थिति आरोपीनेच दाखवावयाची. आमच्या राज्यांतील एका पोलीस शिपायाने १९९४ साली आपल्या बायकोस दगडाने ठार केले. सेशन व हायकोर्टाने त्यास जन्मठेप दिली. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यास सोडले, कारण आधीच्या आजाराचा व अटकेनंतर वारंवार इस्पितळांत नेल्याचा पुरावा होता. ती बाई मात्र गेली ती गेलीच. तिची कड कोणत्या कलमाने घ्यावी, हे आम्हांस आजही सुचत नाही.

आतां आपल्या घरांकडे पहा. पोर रात्र रात्र बडबडते, भिंतीशी भांडते. आपण काय करतों? बाहेरची बाधा म्हणून देवऋषी गांठतों, कोंबडे देतों, अखेर खांबास बांधतों. औषध पडत नाही, आणि उद्यां विपरीत घडले तर कोर्टापुढे ठेवण्यास चिठोरेही नसते. अंगारा कोर्टांत चालत नाही, बाबांनो!

सरकारी इस्पितळांत न्या, आणि केसपेपर सातबाराच्या ट्रंकेंत ठेवा. कोणी अटकेंत असेल, तर १९८७ च्या कायद्याने त्यास वकील फुकट मिळतो. अर्ज जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे करावा.