गोणपाटावरचे शंभर दाणे

(दिंडीच्या शताब्दी सप्ताहात केलेले भाषण)

दिंडीला शंभर वर्षं झाली. मंडळींनी आम्हाला सांगितलं, बुवा, चार शब्द बोला. आमचं शिक्षण चौथी. इतिहास जाणती माणसं सांगतील. आम्ही आज आमची एक चूक सांगणार आहोत. कीर्तनात दुसऱ्याच्या चुका सांगणं सोपं असतं, माऊली. आपली सांगताना जीभ जड होते.

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही बारा वर्षांचे होतो. बापाबरोबर रोजगार हमीच्या आधीची ती दुष्काळी कामं, तिथं खडी फोडली. त्याच १९७२ साली परभणीला कृषी विद्यापीठ झालं. पण आमच्या बांधापर्यंत विद्यापीठ यायला लई वर्षं लागली. पुढं कृषी सहायक यायला लागले. त्यांच्याकडं गावं जास्त, माणूस एक. पारावर बसून ते माती परीक्षण सांगायचे, बीजप्रक्रिया सांगायचे. आणि आम्ही? आम्ही रात्री नारदाच्या गादीवर उभं राहून त्यांची नक्कल करायचो. "पांडुरंगाला कागद दाखवून पाऊस पडतो का?" असं म्हणायचो. लोक हसायचे. आम्हाला वाटायचं, कीर्तन रंगलं.

आता चूक ऐका.

२०१९ च्या ऑक्टोबरात परतीच्या पावसानं काढणीला आलेलं सोयाबीन भिजलं, ते तुम्ही कुणी विसरला नसाल. शेंगांना जागेवर कोंब फुटले. आम्ही उरलेलं वाळवलं, मळलं, त्यातलं बरं दिसणारं बी म्हणून ठेवलं. पुढच्या वर्षी कोरोना आला. पायी वारी झाली नाही, संतांच्या पादुका एसटीनं पंढरीला गेल्या. आमचा पुतण्या पुण्याकडं कंपनीत होता, तो काम बंद पडलं म्हणून गावी आला. त्यानं आधी कृषी पदविकेची दोन वर्षं केलेली. मे महिन्यात तो म्हणाला, "तात्या, बी भिजलेलं आहे. गोणपाटावर शंभर दाणे ठेवून बघू."

आम्ही चार दाणे दाताखाली दाबले, कट्‌ आवाज आला. म्हणालो, "चाळीस वर्षं पेरतोय. तू आम्हाला शिकवतो का?" पोरगं गप बसलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर नुकसान आमच्या एकट्याचं होतं. पण आपल्या दिंडीत तुळस घेणारी एक माऊली, मालक वारलेले, दोन एकर कोरडवाहू, ती बी मागायला आली. आम्ही दोन पोती दिली आणि वर बोललो, "माळकऱ्याच्या घरचं बी आहे, काळजी करू नका."

पाऊस चांगला झाला, वापसा आला, पेरलं. आठ दिवसांनी रानात गेलो तर दहातले चारच उगवलेले. माती उकरून पाहिली, दाणे कुजून गेलेले. पांडुरंगानं पाऊस दिला होता, बी आमचं खोटं होतं. आम्ही दुबार पेरणी केली. त्या माऊलीलाही बी घेऊन दिलं, पण पंधरा दिवस गेले ते गेले. तिला निम्मंसुद्धा पदरात पडलं नाही. ती आम्हाला एका शब्दानं बोलली नाही. पुढं वारी सुरू झाली तेव्हा तुळस घेऊन आमच्या पुढंच चालत होती. आम्हाला तिच्या पाठीकडं बघवत नव्हतं.

तेव्हा आम्ही पुतण्याला म्हणालो, बाबा, आता शिकव. त्यानं शिकवलं ते तुम्हाला सांगतो. प्रत्येक पोत्यातून मूठ मूठ बी काढून मिसळायचं. त्यातले न निवडता शंभर दाणे घ्यायचे. चांगले चांगले वेचले तर आपणच आपल्याला फसवलं. गोणपाट ओलं करून दहा-दहाच्या दहा ओळी मांडायच्या, वर दुसरं ओलं गोणपाट टाकून गुंडाळी करायची, सावलीत ठेवायची. रोज पाणी शिंपडायचं. सात दिवसांनी उघडून चांगले कोंब मोजायचे. सत्तर किंवा वर आले तर एकरी तीस किलो पेरा. साठ आले तर पस्तीस किलो लागेल. त्याहून फार खाली आले तर ते बी पेरू नका. सोयाबीनचं टरफल पातळ असतं, पोतं आपटू नका, उंच थप्पी लावू नका. पेरताना तीन-चार सेंटिमीटरच्या खाली जाऊ देऊ नका. आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफण हलवू नका, मग आषाढी कितीही जवळ आलेली असो.

यात खर्च काय? एक जुनं गोणपाट. आणि थोडा अभिमान सोडायचा, तेवढाच जड जातो.

तुकोबारायांनी बीज आणि फळाचा दृष्टांत दिला. आम्ही तो शेकडो कीर्तनांत सांगितला, अन् घरचं बी तपासलं नाही. सावता महाराजांनी अरणच्या मळ्यात विठ्ठल पाहिला. मळ्याची निगा नीट राखणं हीसुद्धा सेवाच आहे, हे आम्हाला उशिरा कळलं.

आपण म्हणतो, पोरं दिंडीत येत नाहीत. माऊली, आपण त्यांना काम काय देतो? पाया पडा अन् पंगतीत वाढा, एवढंच. त्यांना जे येतं ते विचारत नाही. आमचा पुतण्या आणि त्याचे चार सोबती गेली तीन वर्षं मारुतीच्या देवळात गोणपाट मांडतात. पहिल्या वर्षी सहाच घरांनी बी आणून दिलं. गेल्या साली ओसरी पुरली नाही.

म्हणून शताब्दीच्या निमित्तानं आमचं एकच मागणं आहे. वैशाखातल्या एकादशीला सगळे देवळात येतातच. त्या दिवशी येताना प्रत्येकानं बियाणाची पुडी आणावी. पोरांनी नाव घालून मांडावी, आठव्या दिवशी मोजून वहीत लिहावं. वही दिंडीची असावी. कृषी सहायकांना त्या दिवशी मानानं बोलवावं, बसायला सतरंजी द्यावी. आणि आमच्यासारख्या बुवांनी गादीवरून त्यांची नक्कल करू नये. आम्ही तर सोडली.

ती तुळशीवाली माऊली आज समोर बसली आहे. नाव घेत नाही. माऊली, तुमचं बी गेल्या साली शंभरात ब्याऐंशी उगवलं, ते पोरांनी मोजलं. आमच्या शब्दावर आता कधी विश्वास ठेवू नका, गोणपाटावर ठेवा.

चुकलं-माकलं पोटात घाला.

रामकृष्ण हरी!